मडक्यातली सरकी

आमच्या गावात कापसाचं जुनं बियाणं टिकलं ते शेतकऱ्यांमुळं नाही, वाती वळणाऱ्या बायांमुळं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात मी चांगल्या माणसांच्या बाजूला मोजला जाण्याची भीती आहे. आता गावात पाहुणे येतात, वेशीतली पाटी वाचतात, फोटो काढतात, आणि कोणीतरी माझ्याकडं बोट करून सांगतं, यांनी सुरुवात केली. सुरुवात मी केली हे खरं आहे. फक्त कशाची, ते सांगायचं राहून जातं.

डोंगरकड्याच्या बाजाराला जाणारं आमचं गाव. खाली ओढ्याकाठी हळद आणि केळी, वर कोरडवाहू जमीन, आणि तिच्याही वर माळावर तांडा. तांड्यावर एक म्हातारी आहे. तिची लेकरं तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. ऐकून ऐकून सगळं गावही तिला याडीच म्हणायला लागलं.

बीटी कापूस आला तेव्हा सगळ्यांनी घरचं बी सोडलं. दुकानातून पाकीट आणायचं, पेरायचं, वेचलेला कापूस जिनिंगला घालायचा. सरकी तिथंच राहायची, तेलाला जायची. घरात सरकी उरण्याचं कारणच संपलं. पण देवाच्या वातीला आणि वस्त्रमाळेला बाया मशीनचा कापूस घेत नसत. मशीनला वंगण असतं, त्यात चरबी असते की काय कोणाला माहीत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून याडी आपल्या तुरीत जुन्या कापसाची दोन तासं, म्हणजे दोन ओळी, पेरायची. थंडीच्या दिवसांत दुपारी गावातल्या बाया मारुतीच्या ओट्यावर बसून त्या कापसातली सरकी हातानं काढायच्या. कापूस वाटून घ्यायच्या आणि सरकी याडीच्या ओच्यात टाकायच्या. ती राखेत घोळून मडक्यात भरायची, मडक्याचं तोंड शेणानं लिंपायची. वर्षानुवर्षं हे चाललं. त्याला बियाणं वाचवणं असं कोणी म्हणत नव्हतं.

गाव त्या कापसाला गावरान म्हणत असलं तरी तो अगदी मूळचा देशी नव्हे. आमच्या आजोबांच्या काळात विद्यापीठातून आलेलं ते सरळ वाण. पान बीटीसारखंच रुंद. नुसत्या डोळ्यांनी दोन्हीतला फरक कळत नाही. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ या एका वाक्यात आहे.

आता माझं. तालुक्याच्या गावी एक बियाण्याचं दुकान होतं. तिथला शेठ मला भाऊ म्हणायचा, आणि मला ते आवडायचं. सरकारनं मान्यता न दिलेलं, तणनाशक पचवणारं कापसाचं बी त्याच्याकडं यायचं. पाकिटावर धड नाव नाही, बिल नाही. लोक त्याला चोर बीटी म्हणायचे. पेरायचं, आणि वरून तणनाशक मारायचं. तण जळतं, कापूस उभा राहतो. ही पाकिटं शेठच्या दुकानातून पिशवीत घालून मी गावात आणली. घरोघरी बसून, चहा पिऊन, मी लोकांना सांगितलं की खुरपणीच्या मजुरांच्या मागं फिरायचे दिवस गेले. मला स्वतःच्या शेतापुरती पाकिटं मिळत. पण खरं सांगायचं तर त्यासाठी मी ते केलं नाही. नवं काहीतरी गावात मी आणलं, या मिजाशीसाठी केलं.

दुसऱ्याच वर्षी भादव्यात उंच वाढलेल्या पराटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, कीटकनाशक फवारताना माझ्या अंगात विष चढलं. डोळ्यांपुढं अंधारी आली, बायकोनं बैलगाडीत घालून सडकेला आणलं, तिथून नांदेडच्या दवाखान्यात. मी वाचलो. ती तिथं बाकड्यावर बसून लाख वातींचा नवस बोलली होती.

लाख वाती म्हणजे किती कापूस लागतो हे नवस बोलताना कोणी बघत नाही. त्या थंडीत याडीच्या दोन तासांचा कापूस कुठं पुरणार? बायकोचे हात चालायचे आणि टोपलं रिकामं व्हायचं. मग मी माझ्या शेतातला कापूस गाठोड्यात बांधला आणि ओट्यावर नेऊन ठेवला. याडी तिथंच होती. तिनं मूठभर कापूस उचलला, बोटांनी उकलला आणि मला विचारलं, "हा कोणता कापूस?"

मी म्हणालो, "तुझाच की. मागल्या साली ओट्यावर सांडलेली सरकी नेली होती, ती बांधाला लावली होती."

असं मी का म्हणालो, याचं उत्तर इतक्या वर्षांत वेगवेगळं दिलं आहे. बायकोच्या नवसाला बट्टा लागू नये म्हणून. बिनबिलाच्या पाकिटाचं नाव चारचौघांत नको म्हणून. खरं म्हणजे त्या क्षणी मला खोटं बोलणं सोपं वाटलं, एवढंच. कापूस तो कापूस, असं मनाशी म्हटलं. बाया सरकी काढत राहिल्या, ती याडीच्या ओच्यात पडत राहिली, आणि तिथून मडक्यात गेली.

त्यानंतर तणनाशकाचा खरा फटका बसायला लागला, आणि तो आधी बायांना बसला. पूर्वी कापसात मूग असायचा, अंबाडी असायची, बांधाला भेंडी, वाळूक. फवारा मारला की कापूस सोडून सगळं जळायचं. घोळ, तांदुळजा, पाथरी या भाज्या कोणी पेरत नाही, त्या आपोआप येतात. त्या दिसेनाशा झाल्या. खुरपणीचं काम गेलं, म्हणजे तांड्यावरच्या बायांची पावसाळ्यातली मजुरी गेली. एकदा वाऱ्यानं माझाच फवारा याडीच्या तुरीवर गेला. तिची तूर वरून वाळली. ती माझ्या दारात आली, वाळलेला शेंडा उंबऱ्यावर ठेवला आणि निघून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात ग्रामसभेत बायांनी विषय काढला, की आपल्या शिवारात हे बी नको. नुसतं चोर बीटी नव्हे, प्रयोगशाळेत घडवलेलं कुठलंच बी नको. मागं बसलेला एकजण म्हणाला, "बायांना खुरपायचं हाय म्हणून आमी तण वाढवायचं का?"

याडी बसल्या जागेवरून म्हणाली, "माझ्या घरी घोळीची भाजी दोनदा वाढून घेतली व्हती तू. तवा तण न्हवतं ते?"

लोक हसले. तो पण हसला आणि खाली बघायला लागला. ग्रामसेवकानं समजावून सांगितलं की असल्या ठरावाला कायद्याचा आधार फारसा नाही, कोणी ऐकलं नाही तर काही करता येणार नाही. सरपंच बाई नव्या होत्या, त्या याडीकडं बघायला लागल्या. याडी म्हणाली, "तुमचा शिक्का ऱ्हाऊ द्या मग. आमचे अंगठे घ्या." त्या कागदावर सह्यांपेक्षा अंगठेच जास्त आहेत.

त्या सभेत सगळ्यात मोठा आवाज माझा होता. तूर वाळल्यापासून मला झोप लागत नव्हती, आणि ओरडलं की बरं वाटायचं. आमच्या शिवारात असलं बी नको, अशी वेशीत लावायची पाटी मी रंगवून आणली. ज्या घरांत मी पाकिटं नेली होती त्याच घरांत परत चहा प्यायलो आणि पाकिटं नको म्हणून सांगितलं. मग पेरायचं काय, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच उत्तर होतं. याडीचं मडकं. दोन वर्षं ते बी तिच्या आणि आणखी चार बायांच्या शेतात वाढवायचं आणि तिसऱ्या वर्षी सगळ्या गावाला वाटायचं, असं ठरलं. मी मान हलवली. गाठोड्याची गोष्ट तेव्हाच सांगायला हवी होती. मी सांगितली नाही.

दोन वर्षांत एका मडक्याची पाच झाली.

तिसऱ्या वर्षी, वाटपाच्या दीड महिना आधी, शेठ गावात आला. कोणाच्या तरी साखरपुड्याला आला होता. पाटीजवळ गाडी थांबवून मला म्हणाला, "क्या भाऊ, आमचं मीठ खाऊन आमच्यावरच बोर्ड लावून राहिले?" मग जवळ येऊन हसत म्हणाला, "एक बात सांगा. तुमच्या गावात एक तरी पराटी उरली आहे का, जी माझ्या औषधानं मरेल? लावून बघा."

त्याला काही माहीत नव्हतं. तो नुसता डिवचत होता. पण मी घरी आलो तो थेट, बायकोनं वातींसाठी आणलेल्या याडीच्या कापसातली मूठभर सरकी काढली आणि मोरीच्या पाण्यावर परसात लावली. चार पानं झाल्यावर तणनाशकात पाणी घालून एक वात त्यात बुडवली आणि प्रत्येक रोपाच्या एकेका पानाच्या टोकाला लावली. साध्या कापसाचं पान तेवढ्यानं पिवळं पडून वाळतं, झाड बहुतेक जगतं. चोर बीटीच्या पानाला काहीच होत नाही.

बारा रोपं होती. आठवड्यानं दहा पानं पिवळी पडली. दोन पानं हिरवीगार राहिली.

बायको मोरीच्या दगडावर बसून बघत होती. म्हणाली, "काहून रोपांना औषध लावून राहिले तुमी?" मी तिला सगळं सांगितलं. गाठोडं, याडीचा प्रश्न, माझं उत्तर. लाख वाती त्याच कापसाच्या जळल्या, हेही.  मला वाटलं, नवसाचं ऐकून ती रडेल. ती म्हणाली, "देवाला चाललं आसंल. याडीला न्हाई चालायचं. तिला सांगा."

मी चार दिवस सांगितलं नाही. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज त्या चार दिवसांची वाटते. खोटं बोललो तेव्हा मला परिणाम माहीत नव्हता असं म्हणता येईल. त्या चार दिवसांत मला सगळं माहीत होतं. मी असा हिशोब मांडत होतो की बारात दोन म्हणजे फार नाहीत, कोणाला कळणार नाही, पाटी राहील, गावाचं नाव राहील. शेठ जे बोलायचा तेच मी मनातल्या मनात बोलत होतो.

रोहिण्या लागायच्या आत वाटप ठरलं होतं. ओट्यावर पाचही मडकी आणली. सरकीला बारीक लव असते, ती एकमेकींना चिकटते. म्हणून पेरणीआधी शेण आणि राखेच्या काल्यात चोळून मोकळी करतात. बाया घमेल्यांभोवती बसल्या होत्या, कोपरापर्यंत हात शेणात. पहिल्या मडक्याचं लिंपण फोडायच्या आत मी उभा राहिलो आणि म्हणालो, हे बी वाटू नका. मग सगळं सांगितलं, परसातल्या बारा रोपांचंही. सांगताना मी याडीकडं बघू शकलो नाही, घमेल्याकडं बघून बोललो.

 मग मागून आवाज आला, "घ्या. आता पाटी उपटा अन् पाकिटं आणा." दुसरा म्हणाला, हा शेठचाच माणूस होता आणि आहे. ते ऐकून मला वाईट वाटलं नाही. ज्यांनी माझ्या बोलण्यावर दोन वर्षं विश्वास ठेवला त्यांच्या तोंडून ते यायलाच हवं होतं.

याडीनं हात घमेल्यातून काढले, राखेनं चोळून पुसले. मला विचारलं, "किती सालं झाली याला?"

"तीन."

"तीन सालं तू माझ्या दारावरून गेला आला."

"व्हय."

ती पाटी उपटा म्हणणाऱ्याकडं वळली. "तुझ्या घरी डाळीतले खडे कोण निवडतं रं?"

"बाया निवडतात."

"खडा निघाला म्हणून डाळ फेकून देतेत का? अन् त्या खडेवाल्याच्या दुकानाला जातेत का परत?" मग ती सगळ्यांना उद्देशून म्हणाली, "निवडू. एक साल लागंल, दोन लागतील. जन्मभर निवडलंय आपण." आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "यानं मातर बसायचं न्हाई. औषध याचं, बोट बी याचंच."

असं ठरलं. त्या वर्षी गावानं ठरवून कापूस पेरलाच नाही. ज्वारी, तूर, मूग, सोयाबीन पेरलं. फक्त माळावर, बाकी शिवारापासून दूर, याडीच्या एका तुकड्यात पाच मडक्यांतलं थोडं थोडं बी टोकलं. तीन घरं फुटली. त्यांनी शेजारच्या गावाहून पाकिटं आणली आणि आमच्याशी बोलणं सोडलं. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना पाकिटाची चटक मीच लावली होती.

पेरणीच्या तोंडावर शेठची जीप आली. कोणीतरी त्याला कळवलं असणार की गावाकडं बी नाही. वेशीत बाया बसल्या होत्या, मीही होतो. तो खाली उतरला, मोठ्या समजुतीनं याडीला म्हणाला, "काकू, एक साल कापूस न्हाई तर खाणार काय तुमी लोक?"

याडी म्हणाली, "कापूस खातेत व्हय तुमच्याकडं?"

बाया अशा हसल्या की ड्रायव्हरलाही हसू आलं. शेठनं माझ्याकडं बघितलं. मी एरवी अशा वेळी मधे पडून गोड बोलायचो. त्या दिवशी मी म्हणालो, "परत ने. माझ्या हातानं आलेलं माझ्याच हातानं उपटायचंय मला. आणखी नको." त्यानं मला लोकांसमोर बरंच ऐकवलं. कोणाच्या जिवावर उड्या मारत होतास, ही भाषा. सगळं खरं होतं. मी ऐकून घेतलं आणि रस्त्यातून हललो नाही. जीप उलटी वळवायला तिथं जागा नव्हती, ती बरीच लांब मागं मागं गेली.

माळावरची रोपं चार पानांवर आली तेव्हा मी कामाला लागलो. बायकोनं माझ्या हाताला प्लॅस्टिक बांधलं, तोंडाला तिचाच जुना पदर. एकदा फवारणीच्या विषानं मरता मरता वाचलेला माणूस पुन्हा विषाचा डबा उघडतो हे तिला बघवत नव्हतं, पण नको म्हणाली नाही. वाती तिनंच वळून दिल्या. मी वाकून एकेका रोपाच्या एकेका पानाला वात टेकवत गेलो. तास संपलं की दुसरं. पाठ मोडायची. याडी बांधावर बसून बघायची, रोप सुटलं की ओरडून सांगायची.

आठवड्यानं पानं बोलायला लागली. ज्यांचं टोक पिवळं, ती ठेवायची. ज्यांना काही झालं नाही, ती उपटायची. आयुष्यभर शेतात मी रोगट झाड उपटलं होतं आणि निरोगी ठेवलं होतं. इथं उलटं. डाग पडलेलं रोप राखायचं आणि बिनडाग, टवटवीत रोप मुळासकट काढायचं. पहिल्या दिवशी माझा हात अडायचा. याडी म्हणायची, "वढ." मी ओढायचो. उपटलेली रोपं खड्ड्यात पुरली.

एवढ्यानं सगळं निवडलं गेलं असं मी म्हणणार नाही. ही वात सगळंच पकडत नाही, तणनाशकाचा गुण सापडतो, बाकीचं सापडेलच असं नाही. त्या तीन घरांचा कापूस उभा असतो आणि मधमाशी वेशीतली पाटी वाचत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षीही मी वात घेऊन तासातून फिरलो. यंदाही फिरलो. हिरवी राहिलेली पानं पहिल्या वर्षी मुठीत मावत नव्हती. यंदा सगळ्या तुकड्यात मिळून मला तीन सापडली. पाकिटं घेणाऱ्या तीन घरांपैकी एक घर यंदा याडीकडं बी मागायला आलं. तिनं दिलं, पण आधी त्यांच्या सुनेला दोन दुपारी सरकी निवडायला बसवलं.

मध्यंतरी शेठ बाजारात भेटला. टोमणा मारायचा म्हणून त्यानं विचारलं, "काय भाऊ, मरते का तुमची पराटी आमच्या औषधानं?"

मी म्हणालो, "मरते. बराबर मरते. म्हणून तर ती आमची आहे."

 घरी येताना वाटलं, हे वाक्य छान झालं, गावात सांगावं. मग लक्षात आलं की छान वाक्यं बोलायची माझी जुनी सवय आहे, आणि नाही सांगितलं. इथं लिहितो आहे, एवढंच.

या थंडीत याडीच्या तुकड्यातला कापूस वेचून मी गाठोडं बांधलं आणि ओट्यावर नेलं. बाया बसल्या होत्या. मला बघून कोणी पदर सावरला नाही, कोणी जागाही दिली नाही. याडीनं मूठभर कापूस उचलला, बोटांनी उकलला, आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हा कोणता कापूस?"

मी काहीही आणलं तरी ती हे विचारते. तीन वर्षं झाली. 

"माळावरच्या तुकड्यातला," मी सांगितलं. "बांधाकडून चौथं तास. त्या तासातलं एक रोप हिरवं निघालं होतं, ते उपटलं. शेजारची दोन पण काढली. बाकीचा हा आहे."

तिनं एक सरकी दाताखाली धरून दाबून बघितली. मग सरकून जरा जागा केली. मी चपला काढल्या, बायांच्या रांगेत मांडी घातली आणि सरकी काढायला लागलो. माझी बोटं जाड आहेत, सरकीला कापूस चिकटून राहतो. शेजारची बाई माझ्या पुढ्यातली सरकी बघून म्हणाली, "ही काय आर्धी नेसलेली ठिवली व्हय?" आणि सगळ्या हसल्या. मी ती परत उचलली, नीट साफ केली आणि याडीच्या ओच्यात टाकली.